अनोळखी नंबरची रिंग

गुणवंतभाऊ फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘येऊन राह्यला, बोला,’ म्हणतात. पहिल्यांदा फोन करणारा माणूस गोंधळून जातो, कारण त्याने अजून काही विचारलेलंच नसतं. काही जण ‘कोण येऊन राह्यलं?’ असं विचारतात, काही जण नंबर चुकला समजून ठेवून देतात. गुणवंतभाऊंना त्याचं काही नाही. तहसील कचेरीतून फोन आला तरी ते हेच म्हणतात आणि मेहुण्याचा आला तरी हेच.

दारव्ह्यात बस स्टँडकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला माझं मेडिकल आहे आणि त्याला चिकटून त्यांचं ‘सुजाता साउंड सर्व्हिस’. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे गेली वीस-पंचवीस वर्षं मी इकडे गोळ्यांच्या पट्ट्या कापत असते आणि पलीकडून ‘चेक, चेक, वन टू’ ऐकत असते. मला स्वतःला शांतता आवडते. घरी टीव्हीसुद्धा मी जेमतेम ऐकू येईल इतकाच लावते. अशा बाईच्या वाट्याला नेमका हा शेजारी यावा, याचा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला होता.

त्यांचा फोन म्हणजे तर वेगळंच प्रकरण. आपण मोबाइल घेतो तेव्हा कंपनी त्यात काही सूर भरून देते, आणि आपण ते निमूटपणे ऐकत राहतो. गुणवंतभाऊंनी ते एकूणएक काढून टाकले. ‘कंपनीची रिंग म्हनजे लॉजवरची चादर,’ ते म्हणतात. ‘काल कोन पांघरली, आज कोन, काई पत्ता नाई.’ त्यांच्या फोनवर मेसेज आला की कुकरची शिट्टी होते. बॅटरी उतरली की बकरी ओरडते. भुकेली बकरी, हे ते मुद्दाम सांगतात, कारण पोट भरलेल्या बकरीचा आवाज वेगळा असतो. तोही त्यांच्याकडे आहे, आणि चार्जिंग पूर्ण झालं की तो वाजतो. सकाळच्या गजराला त्यांनी हापशी लावली आहे. आधी बराच वेळ नुसता दांडा कुरकुरतो, मग पाणी आल्याचा घळघळ आवाज येतो. पाणी आलं की उठावंच लागतं, असा त्यामागचा विचार.

आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला त्यांनी एक आवाज दिला आहे. दूधवाल्याचा फोन आला की म्हैस पाणी पिते. जावाजावा भांडणाऱ्या एका घरातल्या थोरल्या जावेला त्यांनी वरवंट्याचा आवाज दिला आणि धाकटीला मिक्सरचा. माझ्या नंबरला माझं शटर आहे. तेव्हा माझं शटर अर्ध्यावर अडायचं, मी त्याला पायाने ढकलायचे आणि ‘मेल्या’ म्हणायचे. त्यांनी भिंतीपलीकडून हे सगळं टिपलं, माझ्या ‘मेल्या’सकट. आता मी त्यांना फोन केला की ते ज्या कुठल्या कार्यक्रमात बसलेले असतील तिथे माझं शटर वर जातं आणि मी खणखणीत आवाजात ‘मेल्या’ म्हणते.

हे कळल्यावर मी मेस्त्री बोलावला. तो ग्रीसचा डबा उघडतो न उघडतो तोच गुणवंतभाऊ धावत आले.

‘वहिनी, ग्रीस नका लावू बापा. तुमचा आवाज बदलन.’

‘माझा नाही, शटरचा बदलेल. बदलू द्या.’

‘मंग मी तुमाले ओळखू कसा?’

मी ग्रीस लावलंच. शटर इतकं मऊ झालं की उघडल्याचं मलाच कळेना. गुणवंतभाऊ आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले. पण फोनमधला जुना आवाज त्यांनी काढला नाही, त्यामुळे माझा फायदा काहीच झाला नाही.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं तर त्याहून वाईट झालं. डॉक्टरांना शिंका फार, आणि एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. गुणवंतभाऊंनी त्यातली चांगली मोठी शिंक निवडून डॉक्टरांच्या नंबरला लावली. पुढे एका हेडमास्तरांच्या शोकसभेत सगळे उभे राहून मौन पाळत होते. डॉक्टरांच्या खिशातला फोन चुकून दाबला गेला आणि गुणवंतभाऊंना लागला. माइकच्या शेजारी उभ्या असलेल्या गुणवंतभाऊंच्या खिशातून डॉक्टर शिंकले. सगळ्या सभेने वळून डॉक्टरांकडे पाहिलं. ते बिचारे तोंड मिटून उभे होते. सभा संपल्यावर त्यांनी गुणवंतभाऊंना गाठलं आणि ती शिंक ताबडतोब काढून टाकायला सांगितली.

‘तुमी लोकाईले फोटो काढू देता,’ गुणवंतभाऊ शांतपणे म्हणाले, ‘मंग शिंकेनं काय घोडं मारलं?’

फोटोंवर त्यांचा रागच आहे. फोनमध्ये जागा कमी पडली की तुम्ही-आम्ही गाणी, रेकॉर्डिंग असलं काही काढून टाकतो आणि नातवंडांचे फोटो ठेवतो. ते उलट करतात. पुतण्याच्या बारशाचे फोटो आले, पाहिले, तासाभरात पुसले. बाळाचं रडणं मात्र ठेवलं. कळंबच्या चिंतामणीच्या देवळातली घंटा त्यांच्याकडे आहे. त्यात मागे एक म्हातारा खोकतो. मी म्हटलं, तेवढा खोकला कापून टाका, घंटा तरी नीट ऐकू येईल. ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘घंटा तं उद्या बी वाजन, वहिनी. थो बुढा उद्या येईन का?’ असं म्हणून त्यांनी ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, माझ्यापासून लांब.

एके काळी दारव्ह्याच्या आसपास लग्न म्हटलं की गुणवंतभाऊ, असं होतं. लाकडी पेटीत बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे कडुनिंबावर बांधलेले, आणि खाली हे पांढरा शर्ट घालून उभे. विहारातली वंदना असो, शाळेचं गॅदरिंग असो, सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात असो, आवाज त्यांचाच. मग ट्रकवर भिंतीएवढे डबे रचून डीजे आले आणि लग्नं तिकडे गेली. गुणवंतभाऊंकडे आता शोकसभा, ग्रामसभा आणि दुरुस्तीची कामं उरली आहेत. दुकानाच्या माळ्यावर मात्र दोन नवेकोरे कर्णे आहेत, जुन्या साडीत गुंडाळलेले. ते त्यांनी कधीच कोणाला भाड्याने दिले नाहीत. आमदाराच्या सभेलाही दिले नाहीत. कोणी मागितले तर ‘ते बुक आहेत,’ एवढंच म्हणतात.

दुकानाच्या पाटीवरची सुजाता म्हणजे त्यांची मुलगी. बायको गेली तेव्हा पोर पहिलीत होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर गोधडी टाकून झोपायची, कारण पेटी खालून गरम असायची. माझ्याकडे येऊन फार गंभीर चेहऱ्याने ‘मले लय खोकला आहे’ म्हणायची आणि गोड गोळी घेऊन जायची. खोकला तिला कधीच नव्हता. सुट्टीच्या दिवशी ती बापाबरोबर लग्नाच्या कामावर जायची आणि तिथे तिला एक काम ठरलेलं असायचं. गुणवंतभाऊ मांडवाच्या पार शेवटच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. इकडे सुजाता स्टुलावर चढून माइकमध्ये विचारायची, ‘हॅलो, हॅलो, आवाज येऊन राह्यला का?’ आणि तिकडून हे हात वर करून ओरडायचे, ‘येऊन राह्यला, बोल.’

एकदा दुकानात एकटी असताना तिने टेपचं लाल बटण दाबलं आणि सनईच्या कॅसेटवर स्वतःला भरून ठेवलं. कोणाला पत्ता नाही. पुढच्याच आठवड्यात एका खेड्यात लग्न होतं. मीही गेले होते, नवरी आमच्या नात्यातली. नवरीला मामा घेऊन येत होता, सनई छान लागली होती, बायका पदर सावरत उठत होत्या, आणि एकदम सनई तुटली. कर्ण्यातून आलं, ‘हॅलो, हॅलो, आवाज येऊन राह्यला का?’ सगळ्या मांडवाच्या माना कर्ण्याकडे वळल्या. मग मागच्या पंगतीतून कोणीतरी ओरडलं, ‘येऊन राह्यला.’ त्याच्या मागोमाग सगळं वऱ्हाड ओरडलं. नवरीसुद्धा हसली. नवरदेवाचे वडील तेवढे चिडले. गुणवंतभाऊंनी त्यांच्यासमोर पोरीला खूप रागावल्यासारखं केलं, पण ती कॅसेट त्यांनी त्यानंतर कधी पुसली नाही.

त्या कॅसेटवरचं सुजाताचं वाक्य त्यांनी फोनमध्ये उतरवून घेतलं आहे. ते माझ्या चांगल्या ओळखीचं, कारण भिंतीपलीकडून ते दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. ज्यांचे नंबर फोनमध्ये आहेत त्यांना त्यांचे त्यांचे आवाज. ज्यांचे नाहीत, त्या सगळ्या अनोळखी नंबरांना सुजाता. म्हणजे कर्ज विकणारे, प्लॉट विकणारे, तुमचं सिमकार्ड बंद होणार आहे म्हणून घाबरवणारे, यांच्यातला कोणीही फोन लावो, सात वर्षांची सुजाता विचारते, ‘हॅलो, हॅलो, आवाज येऊन राह्यला का?’ आणि गुणवंतभाऊ हातातलं काम टाकून, कधी तोंडातला घास तसाच ठेवून, दुसरी रिंग व्हायच्या आत फोन उचलतात. ‘येऊन राह्यला, बोला.’

मी अनोळखी फोन उचलत नाही, आणि चुकून उचलला तर समोरच्याला पुन्हा फोन करायची इच्छा होणार नाही असं बोलते. गुणवंतभाऊ त्यांच्याशी गप्पा मारतात. पलीकडे मुलगी असली तर विचारायलाच नको.

‘कर्ज नाई पाह्यजे माय. तू कुठची? आवाजावरून तं इकडचीच वाटतं. जेवली का? कायची भाजी होती?’

एका मुलीने म्हणे एकदा त्यांना सांगितलं की आज डबाच आणला नाही. त्यावर त्यांनी तिला कर्जाबद्दल एकही शब्द बोलू न देता आधी काहीतरी खाऊन यायला पाठवलं. ती खरंच खाऊन आली आणि तिने परत फोन केला. मला हे भिंतीपलीकडून ऐकावं लागतं. एकीकडे इन्सुलिनचं गिऱ्हाईक उभं, आणि कानात हा संवाद.

गेल्या हिवाळ्यात शेवटी माझा धीर सुटला. ते माझ्याकडे बाम घ्यायला आले होते. तेवढ्यात दोनदा सुजाता बोलली, दोनदा त्यांनी उचलला, दोन्ही वेळा कुठलीतरी कंपनी. बाम काउंटरवर तसाच.

‘काहून उचलता हो भाऊ सगळे फोन?’ मी म्हटलं. ‘आणा इकडे. यात एक सेटिंग असते. अनोळखी नंबर वाजतच नाही. माझ्या फोनमध्ये मी तेच केलं आहे.’

काउंटरवरचा त्यांचा फोन मी उचलला आणि सेटिंग शोधायला लागले. मला ते बटण सापडलं होतं. बोट ठेवणार इतक्यात त्यांनी फोन माझ्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही, फोन नुसता छातीशी धरला. मी खुर्ची पुढे केली. ते बसले आणि बामची डबी फिरवत सांगू लागले.

सुजाताने नागपूरला कोर्टात लग्न केलं आणि ती दूर निघून गेली, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुलगा परजातीचा असेल, म्हणून बाप गेला नसेल, असं गल्लीने आपलं ठरवून टाकलं होतं. मीही तेच धरून चालले होते. तसं काहीच नव्हतं. मुलगा गुणवंतभाऊंना पसंत होता. ‘माह्यापेक्षा जास्त शांत,’ म्हणाले. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

‘मले म्हने, बाबा, माह्या लग्नात आवाज नको. ना बँड, ना सनई, ना तुमचे कर्णे. म्हने, लहानपनापासून मी पेटीवर झोपली, मले एक दिवस शांत पाह्यजे. सही करू, चहा पिऊ, घरी येऊ.’

माळ्यावरचे ते दोन कर्णे कोणासाठी बुक होते, ते मला तेव्हा कळलं. पोर जन्मली त्या वर्षी त्यांनी ते घेतले होते. तिच्या लग्नात दुकानापासून बस स्टँडपर्यंत वायर ओढायची, असं त्यांच्या मनात होतं. दुसऱ्यांची लग्नं वाजवताना हा माणूस तीच एक वरात कानात ऐकत असायचा.

‘मी काय म्हनलो तिले, माहीत आहे, वहिनी? मी म्हनलो, आवाज नाई तं बाप बी नाई.’

लग्नाच्या दिवशी ते दुकानात बसून राहिले. सकाळी सुजाताचा फोन पुन्हा पुन्हा आला. तेव्हा ती कॅसेटवरची रिंग तिच्या एकटीच्या नंबरला लावलेली होती. टेबलावर फोन ठेवून ते नुसते बघत राहिले.

‘ते विचारत राह्यली, आवाज येऊन राह्यला का. मी आईकत राह्यलो. तीनदा विचारलं. मी उचलला नाई.’

पुढे काही महिन्यांनी तिचा तो नंबर बंद झाला. ती नवऱ्याबरोबर सुरतेला गेली, ठीक आहे, असं तिच्या पुसदच्या मावशीकडून कळलं. गुणवंतभाऊंनी मग बंद नंबरची ती रिंग काढली आणि सगळ्या अनोळखी नंबरांना लावली. सुजाता फोन करेल तो नव्याच नंबरवरून करेल, आणि तो नंबर यांच्या फोनमध्ये नसणार. तिचा आवाज वाजायला हवा, तर तो सगळ्या जगाला देऊन टाकणं भाग होतं. त्यामुळे गेली चार वर्षं कुठल्याही बँकेची मुलगी ही आधी सुजाता असते, आणि ‘सर’ म्हटल्यावर मग ती बँकेची होते.

‘अहो, मावशीकडे नंबर असेल ना तिचा?’ मी म्हटलं.

‘असन.’

‘मग मागा. तुम्ही करा फोन.’

त्यांनी डबी खाली ठेवली. ‘मी केला, अन् तिनं वाजू देला तं? ते आईकायची हिम्मत नाई मले. तिच्यात होती, वहिनी. तीनदा आईकलं तिनं.’

मला त्यांचा खूप राग आला आणि खूप वाईट वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मी बामचं झाकण घट्ट करून डबी त्यांच्या खिशात घातली. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून ‘हॅलो, हॅलो’ आलं की माझाही हात थांबायला लागला. ‘सर’ऐवजी दुसरा काही शब्द येतो का, हे मीही ऐकायला लागले. तो कधी आला नाही.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचा फोन गळाठला. इतके आवाज भरलेले की बोट लावलं तरी काही हलेना. मोबाइल दुरुस्तीवाल्याने सांगितलं, एक मेमरी कार्ड टाका, जड फाइली त्यात हलवा, फोन मोकळा होईल. गुणवंतभाऊंनी दिवसभर बसून विचार केला. म्हैस, मिक्सर, डॉक्टरांची शिंक हे सगळं फोनमध्येच राहू दिलं. जुन्या कॅसेटींचं फोल्डर मात्र कार्डात टाकलं. फोनचं काय, केव्हाही बंद पडतो. सोनं आपण अंगावर ठेवत नाही, कपाटात ठेवतो, तसं त्यांनी केलं.

त्यानंतर फोन खरोखर हलका झाला आणि ते खुश होते. फक्त मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. भिंतीपलीकडून एक नवीनच टिंगटिंग ऐकू यायला लागली. ती वाजली की गुणवंतभाऊ पायरीवर येऊन म्हणायचे, ‘वहिनी, तुमचा फोन.’ माझा फोन तर ड्रॉवरमध्ये गप्प पडलेला. मला वाटलं, त्यांच्या गिऱ्हाइकाचा असेल. त्यांना वाटलं, माझ्या गिऱ्हाइकाचा. दोन-तीन दिवस आम्ही दोघंही असे तिसऱ्याच्या फोनची वाट बघत होतो.

बाजाराच्या दिवशी दुपारी ते सुट्टे मागायला माझ्याकडे आले आणि त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. टिंगटिंग सुरू झाली. आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच फोनच्या काचेवर उजेड पडला होता. ते त्याच्याकडे परका फोन असल्यासारखे बघत राहिले. उचलायचं त्यांना सुचलंच नाही. वाजून वाजून तो बंद झाला.

‘हे तं कंपनीची रिंग आहे,’ ते म्हणाले. ‘माह्या फोनमंधी कंपनीची रिंग कशी?’

फाइल हलवली तेव्हा तिची जुनी जागा रिकामी झाली होती. फोनने आपलं तिथे जाऊन शोधलं, सुजाता सापडली नाही, तेव्हा त्याने कंपनीने दिलेला सूर लावून टाकला. जपून ठेवली म्हणूनच ती वाजली नाही. हे समजायला आम्हाला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी न उचललेल्या फोनांची यादी उघडली. अनोळखी नंबर पुष्कळ होते. त्यातला एक नंबर मात्र तीनदा आला होता, एकाच दिवशी, थोड्या थोड्या वेळाने.

गुणवंतभाऊ खाली पायरीवर बसले.

‘तीनदा,’ एवढंच म्हणाले.

‘कंपनीवाले असतील. तेही तीन-तीनदा करतात.’

‘असन.’

‘मग लावा आणि बघा.’

‘अन् नसन तं?’

मी त्यांना पाणी दिलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी थांबा म्हटलं. बाहेर जीपवाले पुसद, दिग्रस म्हणून ओरडत होते. ‘भाऊ,’ मी म्हटलं, ‘एवढी वर्षं तुम्ही कोणाकोणाला जेवलीस का म्हणून विचारत बसलात. त्यापेक्षा हे अवघड आहे का?’ मला माहीत होतं की आहे. पण काहीतरी बोलायला हवं होतं.

त्यांनी नंबर दाबला आणि सवयीने स्पीकर चालू केला. पलीकडे घंटी वाजायला लागली. पहिली. दुसरी. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तिसरीही पूर्ण वाजली. मग एका मुलीने फोन उचलला आणि ट्रॅक्टरवर चालू असलेली योजना सांगायला सुरुवात केली. ती ‘सर, सर’ करत राहिली. शेवटी गुणवंतभाऊंनी डोळे उघडले.

‘ट्रॅक्टर नाई पाह्यजे माय. जेवली का?’

ती जेवली होती. त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता हे उठून आपल्या दुकानात जातील आणि ते साडीतले कर्णे आणखी चार वर्षं तसेच राहतील. पण ते बसूनच होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कळणार नाही असं काहीतरी होतं.

‘वाजलं, वहिनी,’ ते म्हणाले. ‘मले वाटलं होतं, आईकताना जीव जाईन. नाई गेला.’

त्याच दमात त्यांनी पुसदला मावशीला फोन लावून सुजाताचा नंबर मागितला. तिने एवढंच म्हटलं, ‘आता मांगून राह्यला का रे?’ आणि ठेवून दिला. मिनिटभर काही झालं नाही. मग कुकरची शिट्टी झाली. मेसेजात नुसता नंबर होता.

गुणवंतभाऊ नंबराकडे बघत उभे राहिले. रस्त्यावर जीपचे हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड, कोणाच्या तरी ट्रॅक्टरवरचं गाणं. हे सगळे आवाज साठवत फिरणाऱ्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हटलं, ‘लय आवाज आहे हो इथं.’ मी खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना नंतर या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं. ग्रीस लावलेलं ते, काही न बोलता खाली आलं. दुकानात अंधार झाला आणि बाजार बाहेर राहिला.

या वेळी त्यांनी स्पीकर लावला नाही. फोन कानाला घट्ट धरून ते औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभे होते. मी मागच्या खोलीत जायला हवं होतं. पण मी गेले नाही. बराच वेळ वाजत असावं, कारण त्यांचे खांदे वर चढत चालले होते. मग ते एकदम खाली आले, आणि मला कळलं की पलीकडे कोणीतरी उचलला आहे. गुणवंतभाऊ ‘येऊन राह्यला, बोला’ म्हणाले नाहीत. तोंड उघडून ते तसेच उभे राहिले, जणू हे काम कसं करायचं ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

‘हॅलो, हॅलो,’ ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. ‘आवाज येऊन राह्यला का?’